एंजलची अंडी कधी पांढरी पडतात, कधी गायब होतात: नेमकं कुठे बिघडतंय ते कसं ओळखावं

प्रश्न थोडक्यात असा: कम्युनिटी टाकीत, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या टाकीत, एंजल माशांची (एंजलफिश) जोडी जमली आहे. दर दहा-बारा दिवसांनी संध्याकाळच्या सुमारास फिल्टरच्या पाइपवर किंवा अमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीच्या पानावर अंडी घालते. दुसऱ्या दिवसापर्यंत निम्मी अंडी पांढरी होतात आणि तिसऱ्या सकाळी एकही दिसत नाही. टाकीत काही टेट्रा मासे आणि एक प्लेको (काचेला, पानांना चिकटून राहणारा मासा) आहे. मिथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) टाकावं का, अंडी बाहेर काढावीत का, आणि नराला वेगळं ठेवावं का?

आधी घड्याळ बघा, औषधाची बाटली नंतर. एंजलच्या अंड्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं, त्यामुळे ती कोणत्या टप्प्यावर बिघडली किंवा नाहीशी झाली यावरून कारण बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. पाणी २७-२८ अंशांवर असेल तर अंडी ४८ ते ६० तासांत फुटतात. त्यानंतर साधारण चार-पाच दिवस पिल्लं एकाच जागी चिकटून वळवळत राहतात आणि अंडी घातल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी पोहायला लागतात. पाणी गार असेल तर हे सगळं लांबतं.

आता तुमची तिसरी सकाळ मोजा. संध्याकाळी सहाला घातलेल्या अंड्यांना तिसऱ्या सकाळी साठ तास होतात. म्हणजे जी निम्मी पांढरी झाली नव्हती, ती तोवर बहुधा फुटलेली असणार! आणि अंडी फुटायला लागली की एंजल जोडी पिल्लांना तोंडात घेऊन दुसऱ्या जागी नेऊन चिकटवते. अंड्यांची जागा रिकामी दिसली की ‘खाल्ली’ असं आपण धरून चालतो आणि पिल्लं मात्र दोन पानं पलीकडे लटकत असतात. पुढच्या वेळी टॉर्च घेऊन पानांची खालची बाजू, हीटरची नळी, काचेचा मागचा कोपरा बघा. वळवळणारी पिल्लं अशी दिसतात: डोक्याकडून एका बारीक चिकट धाग्याने पानाला अडकलेली, शेपटी सतत थरथरती, सगळ्यांचा मिळून एक हलता पुंजका. आई-बाप ज्या जागेसमोरून हलत नाहीत आणि जवळ गेलेल्या टेट्राच्या अंगावर धावून जातात, ती जागा आधी तपासा.

तिथेही काही नसेल तर माझा पहिला संशय प्लेकोवर. एंजल नजरेवर राखण करतात. दिवे पूर्ण बंद झाले की त्यांना काही दिसत नाही आणि प्लेकोचा कामाचा वेळ तेव्हाच सुरू होतो. रात्री दहाला शाबूत असलेली अंडी सकाळी सहाला साफ, असं होत असेल तर आई-बापांवर आळ घेण्याआधी टाकीतले रात्री फिरणारे मासे आणि गोगलगायी मोजा. कम्युनिटी टाकीतच प्रयोग करायचा असेल तर निदान अंडी असलेल्या रात्री एक अगदी मंद दिवा चालू ठेवा.

आई-बाप खरंच खातात तेव्हा वेळ वेगळी असते. अंडी घातल्यावर पहिल्या काही तासांत, आपल्या डोळ्यांदेखत, एकेक करून टिपलेली अंडी बहुतेक वेळा तरुण जोडीच्या पहिल्या-दुसऱ्या खेपेची असतात. एंजल आठ ते बारा महिन्यांत वयात येतात, आणि पहिल्या काही खेपा वाया जाणं इतकं सर्रास आहे की त्यावर मी उपायच करत नाही. धीर धरायचा. दुसरं कारण म्हणजे त्रास: टाकीवर सारखा हात, अचानक दिवा लावणं, काचेला नाक लावून बघणारी घरातली मंडळी. जोडीला जागा सुरक्षित वाटली नाही तर ती अंडी खाऊन मोकळी होते. आणि तिसरं, मेलेली पांढरी अंडी आई-बाप निवडून खातात, ती साफसफाई असते. जवळजवळ सगळीच अंडी पांढरी असतील तर सगळीच जातात. म्हणून ‘खातात का’ याआधी ‘पांढरी का होतात’ हे सोडवायला हवं.

जिवंत अंडं मधाळ रंगाचं आणि पारदर्शक असतं, आकाराने मिलिमीटरभराहून जरासं मोठं. फलन झालं नसेल तर ते साधारण एका दिवसात अपारदर्शक पांढरं होतं. तोवर त्यावर बुरशी नसते. बुरशी मेलेल्या अंड्यावर नंतर चढते, कापसासारखे तंतू फुटतात आणि ते शेजारच्या जिवंत अंड्यांना गुदमरवतात. तेव्हा चोवीस तासांच्या आत गुळगुळीत पांढरी झालेली अंडी म्हणजे फलनातली अडचण, आणि दीड-दोन दिवस चांगली राहून मग केसाळ झालेली अंडी म्हणजे बुरशी, मंद प्रवाह किंवा घाण पाणी. मिथिलीन ब्लू दुसऱ्या प्रकारात उपयोगी आहे. पहिल्या प्रकारात अख्खी बाटली ओतली तरी फरक पडणार नाही. तुमचा प्रकार पहिला दिसतो.

फलन का होत नाही, हे बघायला अंडी घालताना समोर बसून बघण्याला पर्याय नाही. निसर्गात हे मासे अॅमेझॉनच्या खोऱ्यात पाण्यात बुडालेल्या पानांवर, फांद्यांवर अंडी घालतात, म्हणून टाकीतही त्यांना उभी किंवा तिरकी जागा लागते. एक-दोन दिवस आधी दोघं ती जागा तोंडाने घासून साफ करतात. याच सुमारास दोघांच्याही पोटाखाली एक लहानशी नळी बाहेर येते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. नर-मादी ओळखायची खात्रीची खूण हीच. कपाळावरचा उंचवटा, अंगाचा आकार, परांची लांबी यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण दोन माद्यासुद्धा व्यवस्थित जोडी जमवतात, जागा साफ करतात, अंडी घालतात आणि राखणही करतात. मग शंभर टक्के अंडी पांढरी, आणि मालक पाण्याला दोष देत बसतो. तुमची निम्मी अंडी टिकतात, त्या अर्थी नर आहे. प्रश्न त्याच्या कामात आहे.

मादी पोट टेकवत खालून वर सरकते आणि मागे अंड्यांची एक ओळ राहते. ती बाजूला झाली की नर त्याच ओळीवरून तसाच सरकत जातो. हे तास-दीड तास, कधी जास्तही चालतं आणि एका खेपेला दोनशे-तीनशे, मोठ्या मादीची पाचशेच्या पुढेही अंडी होतात. नराची फेरी चुकली की ती ओळ कोरी राहते. कम्युनिटी टाकीत हे फार होतं: मादी ओळ घालते आणि नर टेट्रा हाकलण्यात गुंतलेला असतो. दुसरं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. फिल्टरच्या पाइपवर अंडी म्हणजे जोरदार प्रवाहाच्या तोंडाशी अंडी. शुक्राणू पाण्यात फार वेळ तग धरत नाहीत, आणि जे आहेत ते प्रवाह वाहून नेतो. अंडी घालायला सुरुवात झाली की फिल्टरचा जोर कमी करा, किंवा तेवढा वेळ बंद ठेवा आणि संपलं की आठवणीने सुरू करा.

पाण्याचा कठीणपणाही बघावा लागतो. फार कठीण, कॅल्शियम भरपूर असलेल्या पाण्यात मोठे मासे मजेत जगतात, पण फलनाचं प्रमाण घसरतं. बोअरचं पाणी असेल तर आरओच्या पाण्यात मिसळून मऊ करा. निव्वळ आरओ वापरू नका, त्यात पीएच धरून ठेवायला काही उरत नाही आणि तो अचानक कोसळतो. पीएच ६.५ ते ७ उत्तम, पण पिढ्यानपिढ्या टाकीत वाढलेले मासे ७.५ लाही अंडी देतात आणि ती फुटतात. पीएच खाली आणायची रसायनं रोज थोडी थोडी घालत बसणं हा मला सगळ्यात वाईट मार्ग वाटतो. स्थिर ७.४ हा वर-खाली होणाऱ्या ६.५ पेक्षा कधीही बरा.

तेव्हा माझं पहिलं सांगणं: जोडीला वेगळी टाकी द्या. ८० ते १०० लिटर, उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, तळात वाळू-खडी काही नको. एक स्पंज फिल्टर (हवेच्या पंपावर चालणारा, स्पंजमधून पाणी गाळणारा), एक हीटर, आणि मागच्या काचेला तिरकी टेकवलेली स्लेटची फरशी किंवा जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून कागद लावा. बस. दिसायला ही टाकी अगदीच भकास असते, पण सगळी अंडी एका सपाट जागी मिळतात आणि ती फरशी उचलून नेता येते. जोडीला दिवसातून दोन-तीनदा चांगलं खाणं द्या, गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), डॅफ्निया (पाणपिसू), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) आलटून पालटून. आठवड्यातून दोनदा पाणी बदला. बऱ्याच जोड्या पाणी बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडी घालतात.

आता अंडी काढावीत का? वेगळ्या टाकीत गेल्यावर दोन-तीन खेपा काढू नका असं मी सांगेन. आई-बाप परांनी पाणी घालत, पांढरं अंडं टिपत ज्या तत्परतेने राखण करतात ते बघण्यासारखं असतं, आणि पोहायला लागलेल्या पिल्लांचा घोळका दोघांमध्ये सांभाळून फिरवणारी जोडी दिसली की हा छंद का धरला ते आठवतं. पण जोडी शांत टाकीतही सलग खात राहिली, किंवा तुम्हाला पिल्लं हवीच आहेत, तर काढा. यात कमीपणा काही नाही, बहुतेक पैदासकार तेच करतात.

काढायची असतील तर अंडी घालणं पूर्ण संपल्यावर, नराची शेवटची फेरी होऊन दोघं राखणीला लागल्यावर, त्याच दिवशी काढा. चार ते दहा लिटरचं काचेचं भांडं किंवा लहान टाकी घ्या. त्यात क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं स्वच्छ पाणी. निम्मं पाणी जोडीच्या टाकीतलं घेतलं तर पीएच आणि कठीणपणाचा धक्का बसत नाही. फरशी पाण्यातून पाण्यात नेताना काही सेकंद हवेत राहिली तर अंड्यांना काही होत नाही, फक्त वाळू देऊ नका. पानावर असतील तर देठापाशी पान कापून घ्या. फरशी अशी टेकवा की अंड्यांची बाजू थोडी खाली झुकलेली राहील आणि त्यावर घाण बसणार नाही. एअर स्टोन (हवेच्या नळीच्या टोकाचा, बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) अंड्यांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा: बुडबुडे शेजारून वर जावेत, अंड्यांवर आपटू नयेत. आई-बापांच्या परांचं काम आता या हवेने करायचं आहे, त्यामुळे ती रात्रभरही बंद पडता कामा नये.

मिथिलीन ब्लू इथे, या भांड्यात. मात्रा बाटलीवर दिलेली असते ती पाळा. पाणी निळं झालं तरी आतली अंडी सहज दिसली पाहिजेत. प्रकाशाने हे औषध निष्प्रभ होतं, म्हणून भांडं झाकून ठेवा. आणि मुख्य टाकीत हे कधीही टाकू नका. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू त्याने मरतात, झाडांना इजा होते आणि काचेच्या जोडांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. याच कारणाने अंड्यांच्या भांड्यात चालू स्पंज फिल्टरही ठेवायचा नाही. पांढरी झालेली अंडी मोजकीच आणि कडेला असतील तर ड्रॉपरने ओढून घ्या. जिवंत अंड्यांच्या मधोमध असतील तर तशीच राहू द्या, टोकरताना शेजारची चार फुटतात.

दीड दिवसानंतर भिंग लावून बघा. अंड्याच्या आत काळसर ठिपके दिसायला लागतात आणि थोड्याच वेळात काही अंड्यांना शेपटी फुटून ती थरथरू लागते. इथपर्यंत आलात की अंड्यांची काळजी संपली. फुटल्यावर बरीच पिल्लं भांड्याच्या तळाशी पडतात, तिथेच ढीग करून वळवळतात. ती मेली नाहीत. सायफन लावू नका. पोटाला चिकटलेल्या बलकावर ती पुढचे चार-पाच दिवस जगतात, त्यांना तोंडाने काही खाताच येत नाही. या काळात टाकलेला प्रत्येक दाणा फक्त पाणी सडवतो. तुम्ही करायचं ते एवढंच: रोज थोडं पाणी बदलून निळा रंग उतरवत जायचा आणि मेलेली पिल्लं काढत राहायची.

मात्र याच काळात एक काम असं आहे की ते चुकलं तर मागचं सगळं पाण्यात. पिल्लं पोहायला लागतील त्या दिवशी ताजी फुटलेली आर्टेमिया तयार हवी. घरगुती पैदाशीत अंड्यांपेक्षा जास्त पिल्लं इथे जातात असं माझं मत आहे, कारण अंडी वाचल्याच्या आनंदात खाण्याची तयारी राहून जाते आणि आठव्या दिवशी माणूस धावाधाव करतो. एंजलची पिल्लं पहिल्या घासापासून आर्टेमिया खाऊ शकतात, मधल्या कुठल्या बारीक खाण्याची गरज नसते. उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र टाळा. त्यावर पिल्लं वाढत नाहीत आणि पाणी काही तासांत नासतं.

कृती सोपी आहे. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा-पाऊण चमचा आर्टेमियाची अंडी. उलट्या ठेवलेल्या बाटलीत खालून जोरात हवा, वर दिवा, पाणी २७-२८ अंश. चोवीस ते छत्तीस तासांत पाणी नारिंगी दिसू लागतं. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: टरफलं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया खाली जमते. तळातून ती बारीक नळीने काढून अगदी बारीक विणीच्या कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि मग पिल्लांना द्या. टरफलं पोटात गेली तर पिल्लं अडकून मरतात, तेव्हा गाळताना घाई नको. आर्टेमिया फुटल्यापासून जसजसा वेळ जातो तसतसा तिचा स्वतःचा बलक संपतो आणि पोषण घटतं, म्हणून रोज एक बाटली लावत राहा, म्हणजे आदल्या दिवशीची संपेपर्यंत दुसरी तयार.

पिल्लांनी खाल्लं की नाही याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. खाणं दिल्यावर अर्ध्या तासाने बाजूने दिवा धरून बघा, पोटं नारिंगी आणि गोल दिसली पाहिजेत. दिवसातून तीन-चार वेळा द्या. उरलेली आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरते आणि तळाला फिकट गुलाबी थर दिसतो, तो रोज काढायचा. पिल्लं पोहू लागली की त्यांना ३०-४० लिटरच्या टाकीत अर्ध्याच पाण्यात ठेवा, म्हणजे खाणं दाट राहतं आणि त्यांना शोधत फिरावं लागत नाही. दुसऱ्या टाकीत काही आठवडे चाललेला स्पंज फिल्टर आता आणून बसवा, निळं औषध पूर्ण उतरल्याची खात्री करून. रोज ३० ते ५० टक्के पाणी बदला, त्याच तापमानाच्या पाण्याने. दोन अंश गार पाणी एकदम पडलं तर सकाळी तळ मेलेल्या पिल्लांनी पांढरा दिसतो.

दुसऱ्या आठवड्यापासून माशांच्या खाण्याची बारीक भुकटी आर्टेमियासोबत सुरू करा, महिनाभराने पिल्लांना एंजलचा आकार येऊ लागतो. त्या सुमारास गर्दी कमी केली नाही तर पोटाखालचे लांब दोरेवजा पर वाकडे किंवा तोकडे राहतात, आणि ते पुढे सुधारत नाहीत. तीनशे पिल्लं जगवायला टाक्या किती लागतील याचा हिशेब अंडी काढण्याआधी करा. जागा एकाच टाकीची असेल तर पन्नास पिल्लं नीट वाढवा. कल्ल्यांची झाकणं अपुरी असलेली, मणका वाकडा असलेली, तळाला पोट घासत फिरणारी पिल्लं कुणाला पैदाशीसाठी देऊ नका.

राहिला नराचा प्रश्न. गप्पी मासे पाळणाऱ्यांना नर वेगळा ठेवायची सवय असते, त्यातून तो येतो. एंजलमध्ये दोघंही राखण करतात, नराला काढलं तर मादी एकटी गोंधळते, आणि आठवड्याने परत सोडला तर ओळख मोडून मारामारी होऊ शकते. कधीकधी दोघांतला एकच खातो. तसं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, तर टाकीत मध्ये जाळी घालून त्याला पलीकडे ठेवा, म्हणजे दोघं एकमेकांना दिसत राहतात. ओठ फाटले, पर चिरले, एक मासा कोपऱ्यात वरच्या बाजूला दबून राहिला, तर मात्र लगेच वेगळं करा.

मादीच्या तब्येतीकडेही लक्ष असू द्या. अंडी काढून घेतली की ती आठ-दहा दिवसांत परत घालते, आणि हे महिनोन्महिने चालू राहिलं तर बारीक होते, खेपा लहान होतात, अंडी जास्त पांढरी पडतात. चार-पाच खेपांनंतर तापमान २५-२६ वर आणा, ब्लडवर्म बंद करून साधं खाणं द्या, फरशी काढून घ्या. महिनाभराने फरशी परत ठेवली की जोडी बहुतेक वेळा आठवड्याभरात ती घासायला लागते.